वाचकांचे प्रश्न : फ्लॅशच्या पुढे काय लावू?

या वेळच्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवरचे आहेत, कॅमेऱ्यावर बसतो तो छोटा फ्लॅश घेतलाय, माणसांचे पोर्ट्रेट काढायचेत, तर त्याच्या पुढे लावायचं काय. मग म्हटलं अख्खं सदर यालाच देऊ. काही प्रश्न एकसारखे होते ते मी एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, छत्री, सॉफ्टबॉक्स, ऑक्टाबॉक्स, ब्यूटी डिश, डोम, स्नूट... नावं वाचूनच डोकं गरगरतंय. सध्या एकच काहीतरी घेणं जमणार आहे. काय घेऊ?

एकच घ्यायचं असेल तर पांढरी छत्री घ्या, साधारण १०० सेंटीमीटरची, आणि तिच्यासोबत एक स्टँड, छत्री आणि फ्लॅश दोन्ही धरणारं ब्रॅकेट आणि रेडिओ ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश तारेशिवाय उडवणारं यंत्र. छत्री घेताना जिचं वरचं काळं कापड काढता-घालता येतं अशी बघा, म्हणजे कापड काढून लाईट आरपार सोडता येतो आणि कापड घालून उलटा परतवताही येतो, एका वस्तूत दोन कामं.

पण का ते पण सांगते, कारण ते एकदा कळलं की पुढची सगळी नावं आपोआप सोपी होतात. समजा आपण फोटो काढून घ्यायला बसलोय, आपल्या नाकाच्या जागेवरून दिव्याकडे बघितलं तर तो किती मोठा दिसतो? बस, एवढाच प्रश्न. मोठा दिसत असेल तर सावलीची कड विरघळत जाते, त्याला आपण सॉफ्ट म्हणतो, आणि छोटा दिसत असेल तर नाकाखालची सावली कात्रीने कापल्यासारखी पडते. वस्तू प्रत्यक्षात केवढी आहे याला अर्थ नाही, चेहऱ्यापासून ती किती लांब आहे यासकट ती केवढी दिसते याला अर्थ आहे. सूर्याचंच बघा, व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण आहे १५ कोटी किलोमीटर लांब, त्यामुळे आपल्याला तो एक मीटरवर धरलेल्या एक सेंटीमीटरच्या टिकलीएवढाच दिसतो आणि म्हणूनच दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर इतक्या करकरीत सावल्या पडतात. आपल्या फ्लॅशचं तोंड असतं सहा-सात सेंटीमीटर रुंद. म्हणजे एक मीटरवर ठेवलेला उघडा फ्लॅशसुद्धा सूर्यापेक्षा मोठा दिसतो, पण चेहऱ्याच्या मानाने अगदीच लहान. छत्री त्याच लाईटला एक मीटर रुंद कापडावर पसरवते. कुठलाही मॉडिफायर, म्हणजे फ्लॅशच्या पुढे लावायची वस्तू, घ्या, पहिलं काम हेच, लाईट निघतो ती जागा मोठी करणं. दुसरं काम म्हणजे नको तिकडे लाईट जाऊ न देणं, आणि त्यात मात्र छत्री कच्ची आहे, ती सगळीकडे उधळते. ते पुढे येईलच.

आरपार छत्रीचा अजून एक फायदा असा की ती चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता येते, कारण कापड माणसाकडे असतं आणि दांडा मागे. उलट परतवणाऱ्या छत्रीत दांडा माणसाच्या दिशेने येतो, फार जवळ नेली तर डोळ्यात घुसेल अशी भीती वाटते. आणि फ्लॅशचा झूम (लाईटचा झोत किती रुंद पसरतो ते) २४ किंवा ३५ मिमीवर ठेवा हं, २०० वर राहिला तर सगळा लाईट छत्रीच्या मधोमध एका बशीएवढ्या जागेत पडतो आणि बाकीची छत्री नुसती शोभेला.

प्रश्न : फ्लॅशवर पांढरा प्लास्टिकचा डोम लावतो. घरात फोटो छान येतात पण बाहेर मैदानात काढले तर डोम लावून आणि न लावून सारखेच दिसतात. डोम खराब आहे का?

डोम एकदम ठीक आहे, त्याच्याकडून अपेक्षा चुकीची आहे. डोम लावल्यावर दिवा मोठा होत नाही, जेमतेम मुठीएवढा राहतो. तो फक्त लाईट चारी दिशांना फेकतो. घरात हा फेकलेला लाईट छतावर, भिंतींवर आपटून परत चेहऱ्यावर येतो, म्हणजे खरा मॉडिफायर ती खोली आहे. मैदानात आपटायला काहीच नाही, तो सगळा लाईट आकाशात निघून जातो, परत येत नाही, आणि तुमचा एक-दोन स्टॉप लाईट (एक स्टॉप कमी म्हणजे लाईट निम्मा) आणि बॅटरी फुकट जाते. बाहेर डोम काढून ठेवा.

आणि घरात सुद्धा एकदा डोम काढून बघा. फ्लॅशचं डोकं वळवून तुमच्या मागच्या किंवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. सगळे छतावर मारतात, पण सरळ छतावर मारलं की लाईट वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो, माणूस रात्रभर न झोपल्यासारखा दिसतो. भिंतीवर मारलं की लाईट बाजूने येतो, खिडकीतून यावा तसा. डोक्याच्या ज्या बाजूने थेट माणसावर लाईट जातोय त्या बाजूला काळ्या फोमचा तुकडा रबराने बांधा म्हणजे फक्त भिंतीवरून आलेलाच लाईट चेहऱ्यावर पडेल. भिंत रंगीत असेल तर मात्र सोडून द्या, हिरव्या भिंतीवरून आलेला लाईट चेहरा हिरवा करतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही.

प्रश्न : ९० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स घेतला तरी सावली कडकच पडते. मित्र म्हणतो की छोट्या फ्लॅशला ऑक्टाबॉक्स चालतच नाही, स्टुडिओचा लाईट घ्यावा लागेल. खरंय का?

मित्राचं पूर्ण खरं नाही. (ऑक्टाबॉक्स म्हणजे आठ कोनांचा सॉफ्टबॉक्स, पुढे पांढरं कापड लावलेली कापडी पेटी.) लाईटवर पैसे घालायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, अंतर. तुम्ही लिहिलंय की ऑक्टाबॉक्स साधारण तीन मीटरवर असतो, मला वाटतं निम्मं उत्तर इथेच आहे. तीन मीटरवरचा ९० चा बॉक्स चेहऱ्याला तेवढाच दिसतो जेवढा एक मीटरवरचा ३० सेंटीमीटरचा दिसेल. म्हणजे तुम्ही घेतलाय ९० चा आणि वापरताय ३० चा. मी एक अंदाज धरून चालते, बॉक्स जेवढा रुंद तेवढ्याच अंतरावर तो सगळ्यात मस्त काम करतो, दुप्पट अंतरापर्यंत ठीक, त्यापुढे फायदा पटापट कमी होत जातो. एकट्या माणसाचा छातीपर्यंतचा फोटो असेल तर बॉक्स इतका जवळ आणा की फ्रेमच्या कडेला दिसायला लागेल, मग जेमतेम बाहेर सरकवा. पहिल्यांदा करताना विचित्र वाटतं, इतका जवळ? हो, इतकाच जवळ.

दुसरी गोष्ट, बॉक्स खरंच पूर्ण भरतोय का. स्टुडिओच्या लाईटमधे उघडी ट्यूब असते, ती सगळ्या बाजूंना लाईट फेकते म्हणून बॉक्सच्या आतल्या चंदेरी भिंती उजळतात. आपला फ्लॅश टॉर्चसारखा समोर मारतो, त्यामुळे मधोमध एक पांढरा गोळा आणि कडा अंधारात असं होतं. हे बघायची युक्ती सोपी आहे. बॉक्सच्या समोर उभं राहून बॉक्सचाच फोटो काढा, फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर, आयएसओ (कॅमेरा लाईट किती पटकन पकडतो तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ (लेन्सचं भोक अगदी बारीक), म्हणजे फोटो मुद्दाम काळपट येईल आणि लाईट कुठून निघतोय ते स्पष्ट दिसेल. मधे नुसता गोळा दिसला तर तुमचा ९० चा बॉक्स खऱ्या अर्थाने ३०-४० चाच आहे. मग फ्लॅशचं वाईड पॅनल बाहेर काढा, तो छोटा पारदर्शक पत्रा असतो ना आत सरकवलेला, तो, आणि बॉक्समधलं आतलं पांढरं कापड लावलंय का बघा. बरेच जण फक्त बाहेरचं लावतात आणि आतलं बॅगेतच राहतं! आतलं कापड लाईट एकदा पसरवतं, बाहेरचं दुसऱ्यांदा. पुन्हा फोटो काढा, फरक डोळ्यांनी दिसेल. वरच्या प्रश्नातला डोम इथे कामाला येतो बरं का, बॉक्सच्या आत फ्लॅशवर डोम लावला की लाईट कडेपर्यंत पोचतो.

छत्रीसारखे उघडणारे ऑक्टाबॉक्स असतात ज्यात फ्लॅश आत उलटा बसतो आणि मागच्या कापडावर मारतो, ते छोट्या फ्लॅशला मला जास्त आवडतात, कारण लाईट आधी परततो मग कापडातून बाहेर येतो, गोळा कमी पडतो. पॉवर बदलायला दर वेळी चेन उघडून हात घालावा लागतो हा त्रास आहे, म्हणून ट्रिगरवरूनच पॉवर बदलता येणारा फ्लॅश असेल तरच घ्या.

प्रश्न : चंदेरी छत्री की पांढरी?

पोर्ट्रेटला पांढरी. चंदेरी जास्त लाईट परत देते पण चमक आणि काँट्रास्ट वाढवते, त्वचेवरचा प्रत्येक खड्डा दाखवते. मोठा ग्रुप असेल आणि पॉवर पुरतच नसेल तेव्हा चंदेरी.

प्रश्न : खोली छोटी आहे, भिंती पांढऱ्या. मला मागे पूर्ण काळं हवंय, पण छत्री लावली की मागची भिंत राखाडी दिसते. काळा पडदा लावला तरी तो राखाडीच!

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, मी स्वतः कितीतरी दिवस असल्याच खोलीत फोटो काढलेत. छत्रीतून लाईट सगळीकडे जातो, छतावर, बाजूच्या भिंतींवर, आणि पांढऱ्या छोट्या खोलीत तो गोल गोल फिरत राहतो. इथे छत्री बाजूला ठेवायची. ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स आणि त्यावर कापडी ग्रिड, म्हणजे ती चौकोनी खणांची जाळी. ग्रिडने लाईट साधारण एक स्टॉप कमी होतो पण फक्त समोर जातो, बाजूंना सांडत नाही.

त्याहून महत्त्वाचं गणित अंतराचं आहे. लाईटचं अंतर दुप्पट केलं की लाईट चौथाई होतो, तिप्पट केलं की नववा भाग. समजा दिवा माणसापासून एक मीटरवर आहे आणि भिंत माणसाच्या मागे दोन मीटरवर, म्हणजे दिव्यापासून भिंत तीन मीटर, तर भिंतीवर चेहऱ्याच्या मानाने नववा भाग लाईट पडतो, तीन स्टॉपपेक्षा जास्त फरक, पांढरी भिंतसुद्धा गडद राखाडी होते. आता तोच दिवा तीन मीटर लांब नेला तर भिंत पाच मीटरवर आली, फरक जेमतेम दीड स्टॉपचा, भिंत चांगलीच उजळ दिसणार. म्हणून दिवा जवळ, भिंत लांब. तुमच्या खोलीत भिंत लांब नेता येत नाही, मग दिवा अजून जवळ आणा आणि माणसाला भिंतीपासून जेवढं सुटवता येईल तेवढं सुटवा, खुर्ची खोलीच्या मधे आली तरी चालेल. दिवा थोडा तुमच्याकडे वळवा म्हणजे त्याची कडाच चेहऱ्यावर राहील आणि मधला भाग भिंतीवर जाणार नाही. एक काळं कापड माणसाच्या सावलीतल्या बाजूलाही लावून बघा, तिकडची पांढरी भिंत गालावर लाईट परत टाकत असते आणि तुम्हाला हवा असलेला गडदपणा तिथेच मरतो.

प्रश्न : माझा चेहरा तेलकट आहे आणि मीच माझे फोटो काढते. फ्लॅश कमी केला तरी कपाळ चमकतंच. कुठला डिफ्युझर घेऊ?

अगं, फ्लॅश कमी करून चमक जाणार नाही, सगळा फोटोच काळपट होईल. कपाळावर दिसते ती चमक म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब. दिवा छोटा असेल तर प्रतिबिंब छोटं पण झगझगीत, दिवा मोठा केला तर तेवढाच लाईट मोठ्या जागेत पसरतो, मग प्रतिबिंब मोठं पण फिकं होतं आणि त्याखालची त्वचा दिसते. तेव्हा मोठा आणि जवळ. काही घ्यायच्या आधी एक पांढरी चादर दोरीवर ताणून लाव, फ्लॅश तिच्या मागे मीटर-सव्वा मीटरवर ठेव आणि तू चादरीच्या जवळ बस. ही चादर कुठल्याही सॉफ्टबॉक्सपेक्षा मोठी आहे. आणि दिवा समोरून न ठेवता बाजूला सरकवला की ते प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे येतच नाही, कपाळावरून दुसरीकडे जातं.

प्रश्न : चष्म्यावर सॉफ्टबॉक्स दिसतो. सॉफ्टबॉक्स अजून मोठा घेतला तर जाईल का?

नाही, वाढेल. चष्म्याची काच म्हणजे आरसा, त्यात जेवढा मोठा दिवा तेवढं मोठं पांढरं चौकोन. इथे दिवा वर न्यायचा. ज्या कोनात लाईट काचेवर येतो त्याच कोनात तो परत जातो, वरून आला तर खाली जाईल, कॅमेऱ्यात येणार नाही. मग चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलायला सांगा, काच खाली झुकते आणि उरलेली चमकही जाते, फोटोत कोणाला कळत नाही. फार उचलू नका मात्र, चष्म्याची वरची कड डोळ्यांवरून जायला लागते.

छोट्या फ्लॅशला आधी बघायचा दिवा नसतो म्हणून फोटो काढल्यावरच चमक कळते, त्यावर माझी पद्धत अशी की कोणाला तरी मोबाईलचा टॉर्च सॉफ्टबॉक्सच्या चारी कोपऱ्यांवर एकेक करून धरायला सांगते आणि मी कॅमेऱ्याच्या जागेवरून बघते. ज्या कोपऱ्याचा टॉर्च काचेत दिसला तो कोपरा वर सरकवायचा. बहुतेक वेळा खालचाच कोपरा निघतो.

प्रश्न : बाहेर उन्हात सॉफ्टबॉक्स लावून फ्लॅश मारला तर काही पडतच नाही. फ्लॅशवर तर गाईड नंबर ६० लिहिलंय. कंपनी खोटं लिहिते का?

खोटं नाही, पण तो आकडा बहुतेक २०० मिमी झूमवरचा, आयएसओ १०० चा आणि उघड्या फ्लॅशचा असतो. गाईड नंबरला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की किती मीटरपर्यंत पुरेल ते मिळतं. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर अ‍ॅपर्चर साधारण एफ/११ येतं. ६० ला ११ ने भागा, साडेपाच मीटर, छान वाटतं. पण सॉफ्टबॉक्स भरायला झूम ३५ वर आणला की तोच नंबर अंदाजे ३५-३६ वर येतो, म्हणजे सव्वातीन मीटर. दोन कापडांतून जाताना दोन स्टॉप गेले असं धरा, मग अंतर अजून निम्मं, दीड मीटरच्या आसपास, आणि तेही फुल पॉवरवर. तुम्ही मागची पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२.८ वर काढत असाल तर शटर १/२०० च्या पुढे न्यावं लागतं आणि हाय स्पीड सिंक (वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय) चालू होतं, त्यात साधारण दोन स्टॉप अजून जातात, अंतर पुन्हा निम्मं. आता सॉफ्टबॉक्स पाऊण मीटरवर आणाल तेव्हा कुठे तो उन्हाची बरोबरी करेल.

मग काय करायचं? सगळ्यात आधी माणसाला सावलीत घ्या किंवा सूर्य त्याच्या पाठीशी ठेवा. आता फ्लॅशला उन्हाशी झुंजायचं नाही, फक्त सावलीतला चेहरा उचलायचाय, ते काम खूप कमी पॉवरमधे होतं. दुसरं, हाय स्पीड सिंकऐवजी लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लाईट कमी करणारी काळसर काच) लावा, १/२०० वरच राहून एफ/११ चं एफ/४ होतं. एनडी फ्लॅशचा लाईट पण कमी करतो हे खरं, पण अ‍ॅपर्चर तेवढंच उघडल्यामुळे ते फिटतं आणि हाय स्पीड सिंकमधले दोन स्टॉप वाचतात. तिसरं, एका फ्लॅशचे दोन करा, एक स्टॉप मिळतो. दोनाचे तीन केले तर मिळणारा फायदा अजून कमी, चार झाले की कुठे दुसरा स्टॉप. वारंवार बाहेरच काढत असाल तर थेट २०० वॉट-सेकंदचा (हे फ्लॅशची ताकद मोजायचं माप) बॅटरीवाला लाईट बघा, गोडॉक्सचा एडी२०० त्यातलाच, नेहमीचा फ्लॅश ६०-७५ च्या आसपास असतो.

आणि बाहेर सॉफ्टबॉक्स नको, छत्री तर मुळीच नको, निदान स्टँड पकडायला माणूस असल्याशिवाय. माझी छत्री एकदा एका झुळकीत फ्लॅशसकट आडवी झाली आणि फ्लॅशचा पाय मुळापासून तुटला, समोर लहान मूल बसलं होतं, त्याच्यापासून दोन हात लांब पडली म्हणून वाचलो. तेव्हापासून वाळूची पिशवी स्टँडला लावल्याशिवाय मी फ्लॅश वर चढवत नाही, खोलीत सुद्धा.

प्रश्न : आठ जणांचा ग्रुप, दोन ओळी. एक फ्लॅश, एक छत्री. डावीकडचे पांढरे पडतात आणि उजवीकडचे काळे.

छत्री डाव्या टोकाच्या माणसाच्या जवळ आहे म्हणून. वर सांगितलेलं अंतराचं गणित इथे उलटं वापरायचं. डावीकडचा एक मीटरवर आणि उजवीकडचा दोन मीटरवर असेल तर दोन स्टॉपचा फरक. छत्री मागे नेऊन तेच तीन आणि चार मीटर केलं तर फरक एका स्टॉपपेक्षाही कमी. एकट्याला जवळचा दिवा, ग्रुपला लांबचा. छत्री कॅमेऱ्याच्या शेजारी आणा, पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीच्या चेहऱ्यावर पडणार नाही इतकी उंच करा, आणि तिचा रोख मधल्या माणसावर न ठेवता लांबच्या टोकावर ठेवा, जवळच्यांना कडेचा लाईट पुरतो. लांब नेल्यामुळे लाईट कडक होणार हे धरूनच चाला, म्हणून ग्रुपला छत्री मोठी हवी, दीड मीटरच्या आसपासची. पॉवर कमी पडली तर आयएसओ ४०० करा, अजिबात मागेपुढे बघू नका, सगळे चेहरे सारखे उजळलेले असले की तेवढी दाणेदार पोत कोणी बघत नाही.

प्रश्न : संध्याकाळी पिवळ्या दिव्यांच्या खोलीत फ्लॅशने चेहरा निळा आणि मागचं नारिंगी येतं. व्हाईट बॅलन्स बदलला तर चेहरा ठीक होतो पण मागचं अजून नारिंगी.

व्हाईट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग जुळवायच्या सेटिंगने, दोन रंगांचे दिवे एक होत नाहीत, दोन्ही एकाच वेळी सरकतात. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विन (आकडा जेवढा कमी तेवढा लाईट पिवळा), पिवळे दिवे ३००० च्या आसपास, तेव्हा फ्लॅशलाच पिवळा करायचा. सीटीओ नावाची नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पातळ पट्टी, मिळते, पूर्ण, अर्धी आणि चौथाई. पूर्ण जेल फ्लॅशला ३००० च्या आसपास आणते. ती थेट फ्लॅशच्या तोंडावर लावा, सॉफ्टबॉक्सच्या कापडावर नाही, आणि कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या दिव्यांच्या सेटिंगवर, ठेवा. मी बहुतेक वेळा अर्धीच लावते आणि व्हाईट बॅलन्स ४००० च्या जवळ ठेवते, मागचं थोडं उबदार राहतं आणि चेहरा चेहऱ्यासारखा. पूर्ण आणि अर्धी आळीपाळीने लावून एकाच माणसाचे दोन फोटो काढा आणि कुठला आवडतो ते त्यालाच विचारा.